हळदकुंकवाचा बोल्ट

'शेवटच्या बोल्टला पुढच्या दसऱ्यापर्यंत पाना लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही.' मरोळमधल्या काशीरामकाकांच्या गॅरेजचा हा नियम. त्या नियमापायी तीन आठवडे भर रस्त्यात बंद पडत राहिलेली शाळेची पिवळी व्हॅन, ती मीच.

आधी मी एका केटररकडे होते. माझ्या मागच्या सीटला अजून वाटणाचा वास येतो. मग नंदाताईंनी मला घेतलं. त्यांची जीभ तिखट, पण गिअर कसा हलक्या हाताने टाकतात! आमची आठ पोरं रोज खिडकीवरून भांडतात आणि माझ्या पत्र्यावर च्युइंगम चिकटवतात. आमचं छान चाललं होतं.

जुलै महिन्यात माझं इंजिन थकलं. काशीरामकाकांनी अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं धडधाकट इंजिन मला बसवलं. बॉनेट उघडल्यावर गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून आतल्या पत्र्याला चंदेरी रंग मारला. शेवटचा बोल्ट स्वतः आवळला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी नव्या नवरीसारखी बाहेर पडले.

आणि मरोळ नाक्यावर मेले.

इंजिन गरम झालं, ते गार करणारा पंखा लागला की मी खलास. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. एकदा सिग्नलला बंद पडले, एकदा थेट मुख्याध्यापिकेच्या गाडीपुढे. पोरं टाळ्या पिटायची. खोटं कशाला बोलू, मलाही मजा यायची. पँट सावरत धक्का मारणारी मोठी माणसं बघण्यासारखी असतात.

मग शुक्रवारी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, 'सोमवारी परत बंद पडली तर आम्ही दुसरी व्हॅन बघणार.' नंदाताईंनी तो दोनदा वाचला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. त्या दिवशी कुणाला शिवीसुद्धा दिली नाही. तेव्हा माझी मजा संपली.

शनिवारी मी गॅरेजात. काशीरामकाका आणि शेजारच्या गाळ्यातले इलेक्ट्रिशियन नंदकिशोर माझ्यावर वाकले. पंप बदलून झाला, प्लग बदलून झाले, सेन्सरही बदलला. शेवटी लिंबू-मिरची टांगली. तरी मी बंद.

"इंजिनच पनवती हा," काका म्हणाले. "भंगारात घाल गो नंदा."

वा! इंजिन निवडलं कुणी? आणि भंगारात जायचं मी?

काकांची पुतणी श्रुतिका फोनजवळ बसली होती. ऑटोमोबाईलची डिग्री घेऊन वर्ष झालेलं, पण गॅरेजात तिचं काम एकच, फोन उचलायचा.

"काका, पंखा लागल्यावरच का बंद पडते? वायरिंग तपासली?"

"वायरिंगाक काय धाड भरलीहा? दिवे लागतत मां?"

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून वायरी जोडतोय मी," नंदकिशोर म्हणाले.

"म्हणून तर म्हणतेय, आता जरा तपासा."

ती वीज मोजायचा मल्टिमीटर घेऊन आली आणि तिने मला चालू केलं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं माझ्या पत्र्याला. "इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं." मी तापले, पंखा लागला, आकडा उडी मारून पावणेतीन व्होल्टवर गेला आणि मी इमानदारीत बंद पडले.

"बघा! पत्र्यातून वीज बॅटरीकडे परत जाते ती या काळ्या वायरीतून. ही अर्थिंगची वायर. आणि ती बसलीय तुमच्या चंदेरी रंगावर, रंगातून वीज धड जात नाही. पंखा वीज ओढतो, परतीची वाट अडते, इंजिनाचा मेंदू, म्हणजे कंट्रोल युनिट, बेशुद्ध. सोडा तो बोल्ट."

बोल्ट अर्थातच हळदकुंकवाचा होता.

"त्या बोल्टाक हात लावूचो नाय!"

"मग सोमवारी आठ पोरं खांद्यावर घेऊन जा शाळेत."

नंदाताई पुढे झाल्या. "गाडी माझीये. सोड गं तू."

श्रुतिकाने बोल्ट सोडला. पॉलिश पेपरने रंग खरवडला, लख्ख पत्रा उघडा पडला. वायर जागेवर ठेवून बोल्ट बोटांनी फिरवला, पान्याने घट्ट केला. मी चालू झाले. गरम झाले. पंखा लागला, थांबला, परत लागला. नंदाताई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. गंमत म्हणून एक आचका द्यावासा वाटला होता, पण दिला नाही. इंजिन बदलाल तेव्हा अर्थिंगखालचा रंग तेवढा खरवडा हो, आम्हा गाड्यांना उगाच पनवती ठरवू नका.

काकांनी कुंकवाची डबी काढली. "बरा झाला. आता शेवटचो पानो मी मारतंय, नि दसऱ्यापर्यंत कोणी..."

श्रुतिकाने पाना मागे घेतला.

"नाही, काका. कुंकू लावा, नारळ फोडा, आरतीला मी उभी राहते. पण पाना देणार नाही. हा बोल्ट मी आवळलाय आणि दर महिन्याला मीच सोडून बघणार. आणि का, ते कुणीही विचारा. मी सांगेन."

काकांनी नंदकिशोरांकडे पाहिलं. नंदकिशोरांनी मीटरकडे पाहिलं. मग काकांनी कुंकवाचं बोट बोल्टाला टेकवलं आणि नारळ उचलला.