निळ्या मुठीचा ब्रश

मी एक जुना तारेचा ब्रश आहे, मित्रांनो. अर्ध्या तारा झडल्यात, उरलेल्या वाकड्या झाल्यात. पण माझी मूठ जरा नीट पाहा, लाल रंगाखाली निळा दिसेल. त्या निळ्याचा एके काळी मला काय तोरा होता म्हणून सांगू!

निळी मूठ म्हणजे फक्त स्टेनलेस स्टील. साध्या लोखंडाला मी शिवायचंही नाही, असा तपासणीच्या खोलीतला कडक नियम होता, कारण लोखंडाचे कण स्टेनलेसवर बसले की तिथे गंज धरून खड्डे पडतात. तिथल्या ताईनेच मला रंगवलं होतं. तिच्याकडे वेल्डिंग केलेल्या पट्ट्या यायच्या. जोडावरचा काळपट थर मी घासून काढायचा. मग ती कडा गुळगुळीत करायची, पट्टी धुऊन वाळवायची, चिमट्याने उचलून वजन करायची आणि खारट द्रावणात बुडवून ठेवायची. काम कच्चं असेल, तर पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. "माझा निळोबा असला की काळजी नाही," असं ती म्हणायची आणि मी फुशारून जायचो.

एकदा वेल्डरकाका आपली पट्टी घेऊन आले. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. साहेबांनी बजावलं होतं, पट्टीवर खड्डे दिसले तर वेल्डिंग बंद, गोदामात बसायचं. तीस वर्षं ठिणग्यांशी खेळलेला माणूस तो! गोदामात त्याचा जीव रमला असता का?

काका निघाले, तर दारात ताईची स्कूटर. स्टँड गंजून घट्ट बसलेला. "आण गं काहीतरी घासायला," काका म्हणाले. ताईने हाताला लागला तो ब्रश दिला. तो मी होतो! मनातल्या मनात मी किती ओरडलो, पण ब्रशचं कोण ऐकतं? गंजकं लोखंड माझ्या तारांत जाऊन बसलं. स्टँड सुटला, दोघं हसली आणि ताईने आत येऊन मला थेट काकांच्या पट्टीवर फिरवलं.

तीन दिवसांनी पट्टी बाहेर काढली. खड्डेच खड्डे! काका नुसता चष्मा पुसत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई मात्र भिंग घेऊन बसली. "काका, हे खड्डे जोडापेक्षा बाजूलाच जास्त आहेत. आणि असे ओळीने कसे?" त्या ओळी माझ्या तारांच्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या स्कूटरकडे आणि कपाळावर हात मारला. ती गप्प बसली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ती तडक साहेबांकडे गेली. "साहेब, काकांचं काम चोख आहे. चूक माझी आहे. दुसरी पट्टी नव्या ब्रशने करू द्या."

दुसऱ्या पट्टीवर शोधून खड्डा सापडला नाही. काका परत आपल्या ठिणग्यांपाशी गेले.

त्यांनीच माझी मूठ लाल रंगवली. "टाकू नकोस गं याला," ते ताईला म्हणाले, "स्टँड घासायला लागेल." आता मी स्कूटरच्या डिकीत असतो. निळ्या मुठीची आठवण येते, नाही असं नाही.

मित्रांनो, ज्याचं काम त्यालाच करू द्या. आणि चूक झालीच, तर लगेच सांगून टाका. त्या दिवशी मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.