शंभरात दहा

सुगोंदो जाऊन नऊशे साठ दिवस झाले होते, आणि जवळजवळ तेवढ्याच दिवसांत त्याच्या कॉम्प्युटरांनी एकही काम वेळेत पुरं केलं नव्हतं. विरात्मी रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन पडद्यासमोर बसायची आणि तेच वाचायची: 'काम रद्द. आता गरज नाही.' विधवेला हे वाक्य रोज सकाळी वाचायला लागावं, ही कुणाची थट्टा होती कोण जाणे.

जावा बेटावरच्या मलांग शहरातला त्यांचा नेटकॅफे लोकांच्या हातात फोन आले तेव्हाच बसला. उरलेली बारा यंत्रं सुगोंदोने मागच्या खोलीत मांडून फुकटच्या कामाला जुंपली. दूरदेशीच्या एका विद्यापीठाला अजस्र मूळ संख्या शोधायच्या होत्या, आणि जगभरचे हौशी लोक त्यासाठी आपापली यंत्रं राबवत. सर्व्हर एकेक काम दोन घरी पाठवी. उत्तरं जुळली की काम पक्कं. संख्या सापडलीच, तर ज्याचं उत्तर आधी पोचेल तो शोधक, मागून येईल तो तपासनीस. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर ते काम दुसऱ्या कुणाला देत, आणि त्याने ते पुरं केलं की रखडलेल्याचं रद्द होई.

"बू, माणूस मरतो, संख्या मरत नाही," सुगोंदो बायकोला म्हणायचा. बाईमाणसाला आमच्याकडे 'बू', म्हणजे आई, म्हणतात, आणि पुरुषाला 'पाक'. "एकीवर माझं नाव लागलं की मी सुटलो."

जावा बेटावर हजाराव्या दिवशी शेवटची प्रार्थना होते, कबरीवर दगड बसतो आणि मेलेला माणूस खरोखर जातो. त्याला चाळीस दिवस उरले होते. त्याच्या आत नाव लागलं नाही तर सुगोंदो तसाच जाणार, हे विरात्मीला घास गिळू देत नव्हतं.

तिने यंत्रं उघडून धूळ काढली, पंखे बदलले, नवी वायर ओढून घेतली. काही फरक पडेना. शेवटी तिने मलांगच्या हौशी संघाच्या ग्रुपवर विचारलं. संघाचा कप्तान हार्दोयो, सुगोंदोचा जुना मित्र, लगेच उत्तरला.

"बू, यंत्रं म्हातारी झाली की असंच चालायचं. धीर धरा." पुढे जोडलेले हात. आणि त्याच्या खाली: "माझं ऐकाल तर भंगारात द्या."

ग्रुप हसला. विरात्मीही हसण्याचं चित्र टाकून मोकळी झाली, कारण आमच्याकडे तसंच करतात.

दुसऱ्या दिवशी पुसताना तिचा हात एका यंत्रावर राहिला. गार. राबणारं यंत्र तापतं, आजारी यंत्र तर जास्तच तापतं. हे गार होतं, म्हणजे ते आजारी नव्हतं, कुणीतरी त्याचे हात बांधले होते. बाराही यंत्रं तशीच. यंत्रांवरच्या सेटिंगमध्ये काही सापडलं नाही. मग तिला आठवलं की सगळ्यांना एकच हुकूम द्यायचा तर तो विद्यापीठाच्या साइटवर, सुगोंदोच्या खात्यात देता येतो. ती तिथे गेली. 'यंत्राची ताकद वापरावी: शंभरात दहा.' आणि खाली बारीक अक्षरांत, शेवटचा बदल कधी केला ती तारीख.

तिने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. सुगोंदो गेल्यानंतरचा सातवा दिवस.

सातव्या दिवशी घर प्रार्थनेला आलेल्या माणसांनी भरलं होतं. ती स्वयंपाकघरात बेर्कातचे डबे भरत होती. प्रार्थना करून जाणाऱ्याच्या हाती हा जेवणाचा डबा द्यावाच लागतो. हार्दोयो दारात येऊन हळू आवाजात म्हणाला होता, "मास सुगोंदोचं खातं मी बघतो, बू. पासवर्ड देऊन ठेवा, तुम्ही कुठे त्या भानगडीत पडता?" तिने रडत रडत पासवर्ड सांगितला. वर त्याने दोन डबे मागून नेले. तोवर संघात सुगोंदो पहिला होता. चाळिसाव्या दिवसापर्यंत हार्दोयो पहिला झाला.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं तिने ऐकली होती. हा तर तिच्याच घरी, तिच्याच हातचं जेवून गेला होता.

"ग्रुपवर टाक, म्बाक," तिला थोरल्या बहिणीसारखी 'म्बाक' म्हणणारी तिची नणंद कासियेम म्हणाली. "चारचौघांत नाक काप मेल्याचं."

"चुकून झालं म्हणेल. मग सगळे म्हणतील, जाऊ द्या बू. भांडणाऱ्याचीच अब्रू जाते इथे."

"मग गप्प बसणार?"

"गप्पच बसणार. पण सोडणार नाही."

तिने पासवर्ड बदलला आणि दहाचे शंभर केले. बारा पंखे एकदम घोंगावू लागले. खोली इतकी तापली की कासियेमने वाळत घातलेले, कमरेला गुंडाळायचे सारोंग तासाभरात कडकडीत झाले. विरात्मी तिथेच बसून हमसून रडली. सुगोंदो गेल्यावरही ती अशी रडली नव्हती.

पुढच्या आठवड्यात संघासंघांची वार्षिक शर्यत लागली. हार्दोयोची खोड तिला ठाऊक होती. तो झालेली उत्तरं पाठवायचाच नाही. नेटची वायर काढून ढीग साठवायचा आणि शेवटच्या दिवशी सगळा एकदम ओतून दुसऱ्या संघांना तोंडघशी पाडायचा.

बुधवारी दुपारी सातव्या यंत्रावर एक ओळ उमटली: मूळ संख्या.

विरात्मीने चष्मा पुसला. ओळ तिथेच होती. तिने त्या कामाचं पान उघडलं. जोडीदार: हार्दोयो. सहा दिवस झाले, उत्तर नाही. ढिगात पडलं असणार, बघायचीही फुरसत नसेल त्याला. तिने 'पाठवा' दाबलं आणि बोट तसंच दाबून धरलं.

रविवारी हार्दोयोने ढीग ओतला. संध्याकाळी साइटवर झळकलं: शोधक, सुगोंदो, मलांग. तपासनीस, हार्दोयो, मलांग.

"हे उत्तर माझ्याकडे सोमवारीच तयार होतं!" ग्रुपवर त्याचा पहिला निरोप आला. मग दुसरा, तिसरा. कुणीतरी विचारलं, "मग पाठवलं का नाही, पाक?"

हजाराव्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मंडळी जमली. न येणं शक्य नव्हतं, म्हणून हार्दोयोही आला. डब्यांवर चिकटवलेल्या कागदावर सुगोंदोचं नाव होतं, ती संख्या सूत्ररूपात होती, आणि शोधक-तपासनीस दोघांची नावं होती, एक मोठ्या अक्षरांत आणि एक लहान. प्रार्थना झाल्यावर विरात्मी पुढे आली आणि कमरेत वाकून, वडीलधाऱ्यांशी बोलावी तशा भाषेत बोलली.

"पाक हार्दोयोंचे उपकार कसे फेडू? उत्तर आधी तयार असून त्यांनी सहा दिवस आपल्यापाशी ठेवलं, म्हणून आमच्या ह्यांचं नाव वर लागलं. आणि खाली साक्षीलाही तेच उभे राहिले."

"मित्र असावा तर असा," प्रार्थना सांगणारे म्हातारे गहिवरले. त्यांनी हार्दोयोचे दोन्ही हात धरले.

"नेटची जरा... अडचण होती," हार्दोयो म्हणाला.

"पाहा, मोठेपणाही घेत नाही!"

डबे वाटताना कासियेमने एक हातात तोलला. "म्बाक, हा हलका लागतोय गं."

"काट्यावर तोलून भरलाय. तो त्यांना दे."

तासाभराने हार्दोयोचा निरोप आला. "बू, डब्यात चूक झाली वाटतं. दोन घास भात आहे, आणि अंड्याची एक फोड. बायको विचारते आहे."

विरात्मीने लिहिलं, "चूक नाही, पाक. शंभरात दहा. असंच चालायचं. धीर धरा." पुढे जोडलेले हात टाकायला ती विसरली नाही.

निरोप वाचल्याच्या खुणा उमटल्या. नियमाप्रमाणे तिने दहा दिवस उत्तराची वाट पाहिली. अकराव्या दिवशी सकाळी कॉफी पिता पिता तिने हार्दोयोचं नाव फोनमधून काढून टाकलं.

"अगं, उत्तर आलं तर?" कासियेमने विचारलं.

"आता गरज नाही."