साबणाच्या बाटलीत पाणी

दवाखान्यातल्या सगळ्यांची ती मावशी. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. नवजात बाळांच्या वॉर्डातली सिस्टर ही तिची पोटची पोर, पण ड्यूटीवर तीही मावशीच म्हणायची. मावशीला लेकीचं कोण कौतुक! लादी पुसता पुसता ती बाळंतिणींना हळूच सांगायची, "ती सिस्टर आहे ना, ती माझीच बरं का!"

त्या महिन्यात मात्र वॉर्डाचे ग्रह फिरले. एकामागून एक पाच बाळांना ताप आला. दोन तर जेमतेम वाचली. मोठे डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात कारण सापडलं नाही तर वॉर्डाला कुलूप. म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेली मूठभर वजनाची बाळं चार तासांवरच्या शहरात न्यायची. त्यातली किती पोचतील, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

लेक त्या आजाराच्या हात धुऊन मागे लागली. नळ, पाळणे, स्वतःची बोटं, डॉक्टरांची बोटं, सगळीकडून तिने कापसाच्या काडीवर नमुने घेतले. शेवटी बेसिनवरची साबणाची बाटली उचलली, तेव्हा मावशीला हसू आलं.

"अगं, साबणात कसले आलेत जंतू? तो तर जंतू मारतो!"

लेक हसली नाही. तिने बाटली तपासायला पाठवली.

निकाल आला त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. मावशी दाराशी उभी राहिली.

"जंतू साबणातच सापडले," लेक म्हणाली. "बाटलीतला साबण तळाला गेला की तिच्यात पाणी घालतात, त्यावरच नवा साबण ओततात. आतून ती कधी धुतलीच जात नाही. आपण इमानेइतबारे हात धुतो, आणि तेच जंतू घेऊन बाळापाशी जातो."

"बाटल्या कोण भरतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशीच्या पायांखालची जमीन सरकली. साबण पुरवून पुरवून वापरायचा, थेंबही वाया घालवायचा नाही, ही तिची वीस वर्षांची काटकसर. त्या काटकसरीचा तिला केवढा तोरा होता! कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण ती स्वतः. आता पोर काय सांगणार? "बघून सांगते" म्हणाली असती तरी निभावलं असतं.

"माझी आई भरते," लेक म्हणाली. "तिला हे कुणी शिकवलं नाही. शिकवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. आजपासून बाटली धुऊन, पूर्ण वाळवूनच भरायची. पाणी घालायचं नाही."

दवाखान्यात पहिल्यांदाच तिने आई म्हटलं, तेही असं! मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात शरम होती, पण खरं सांगायचं तर अभिमान जास्त होता.

"होय साहेब, मीच भरते," ती पुढे होऊन म्हणाली. "माझ्या हातून त्या लेकरांना..."

त्याच दुपारी वॉर्डातल्या झाडून सगळ्या बाटल्या तिने गोळा केल्या आणि लेकीने दाखवलं तशा धुऊन उपड्या वाळत ठेवल्या. आठवडा गेला, दुसरा गेला. एकाही नव्या बाळाला ताप आला नाही, वॉर्ड चालू राहिला.

एका सकाळी मोठे डॉक्टर फोनवर बोलत बोलत घाईने थेट पाळण्याकडे निघाले. मावशी आडवी आली.

"साहेब, हात."

"अहो मावशी, आत्ताच धुतलेत!"

"धुतलेत, आणि मग फोन धरलात."

डॉक्टरांनी फोन खिशात टाकला. "एक विचारू? पोरीने सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं. राग नाही आला?"

"राग कसला?" मावशी छाती पुढे काढून म्हणाली. "जी सख्ख्या आईला सोडत नाही, ती तुम्हाला सोडेल होय? व्हा बेसिनकडे!"

डॉक्टर निमूटपणे बेसिनकडे गेले.