सोळा तासांचा केर

प्रवासाला निघालेला माणूस पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, हे नलिनीला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. तिचा भाऊ दत्ताराम मुंबईला निघाला, त्याची एसटी घाट चढायच्या आत आईने घरासमोरचं खळं झाडून काढलं, आणि तो परत दिसला तो पांढऱ्या कापडात. तेव्हापासून नलिनीने केरसुणीची धास्तीच घेतली होती.

आता तिचा केतन नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाला होता.

"किती लांब गो ता?" तिने लेकीला विचारलं.

प्रांजलने मोबाइलमध्ये बघितलं. "साडेतेरा हजार किलोमीटर. सोळा तास."

"म्हणजे सोळा तास घराचा उकिरडा! वाट लागली," नवरा बाळा म्हणाला. "विमान काय तुझ्या झाडूवर उडतंय?"

दुपारी दोनला केतनने उंबरा ओलांडला. अंधेरीतलं त्यांचं घर विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. तो गेला, म्हणजे निघालाच. नलिनीने तिथूनच तास मोजायला घेतले. घरभर सुतळीचे तुकडे, थर्माकोल, सांडलेला चिवडा. तिने कुणाला काही उचलू दिलं नाही.

सकाळी सहाला सोळा तास भरले. तिने देवाला हात जोडले आणि घर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढलं. केर डब्यात गेला तेव्हा तिला कितीतरी हलकं वाटलं.

प्रांजल उठून आली.

"पोचलो ना गो तुझो भाव?" नलिनीने विचारलं.

"एवढ्यात? अगं, विमान संध्याकाळी सहाला उडालं. सोळा तास तिथून धरायचे ना! अजून चार तास तरी आहेत." तिने मोबाइल उघडला. निळ्या समुद्राच्या मधोमध एक चिमुकलं विमान. ती बोटाने पुनःपुन्हा स्क्रीन ओढत राहिली.

"काय झाला?"

"हलत नाहीये. समुद्रावर सिग्नल जातो कधीकधी. येईल." पण ती स्क्रीन ओढायची थांबली नाही.

 नलिनी मोरीतला डबा घेऊन आली आणि लख्ख लादीवर पालथा केला. सुतळी, थर्माकोल, चिवडा. दोन्ही हातांनी ती तो केर खोलीभर पसरायला लागली.

"आई, काय करतेस!"

आवाज ऐकून बाळा ब्रश तोंडात धरूनच बाहेर आला. आता हा आपली टर उडवणार, म्हणून नलिनीने मान खाली घातली. त्याने लादीकडे बघितलं, लेकीच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. मग आत जाऊन चूळ भरली आणि परत येऊन बायकोशेजारी उकिडवा बसला.

"दाराकडे जास्त होता," तो म्हणाला, आणि मूठभर केर उचलून दाराशी केतनच्या बॅगा ठेवल्या होत्या तिथे नेऊन टाकला.