भरल्याशिवाय न हलणारी जीप

मी एक जुनी जीप आहे. किती जुनी, ते नंबरप्लेटवरून कळलं असतं. पण तिचा अर्धा रंग उडाला आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर चिखल आहे. लोक मला काळीपिवळी म्हणतात. त्यातला काळा आता पिवळा पडलाय आणि पिवळा काळा झालाय, म्हणजे नाव अजून बरोबर आहे. माझी तक्रार नाही, मित्रांनो.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आपण डोंगर चढू, नद्या ओलांडू. मला एका सरकारी कचेरीत धाडलं. साहेबांना घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी नेणं हे माझं काम. तिथं डोंगर एकच होता, फायलींचा, आणि तो साहेबसुद्धा चढत नसत. पुढे लिलावात इस्माईलचाचांनी मला घेतलं. मागे समोरासमोर दोन बाकं ठोकली, आरशाला हिरवं फडकं बांधलं, आणि मी सेनगावच्या रस्त्यावर, तांड्याच्या फाट्यावरून हिंगोलीला सवाऱ्या नेऊ लागले.

चाचांचा कायदा एकच होता. “शीट भरल्याबिगर गाडी हलणार न्हाई.” माझ्यात किती माणसं मावतात, याचा कागदावरचा आकडा वेगळा होता आणि चाचांच्या मनातला वेगळा. ‘जरा सरकून बसा’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की उद्या माझा हॉर्न बोलू लागला, तर पहिलं हेच बोलेल.

भरेपर्यंत मी उभी. सवाऱ्या घड्याळ बघत, मग आभाळ बघत, मग मला शिव्या देत. “हलती का न्हाई ही म्हातारी?” हे ऐकत माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. तेव्हा मी म्हातारी नव्हते, हे सांगायची सोय नव्हती.

मग एका हिवाळ्यात निता येऊ लागली. तांड्यावरची सून. हिंगोलीला कापडाच्या दुकानात दिवसभर लुगडी उलगडायची आणि पुन्हा घड्या घालायची. नवरा प्रेमदास उसतोडीला गेलेला. घरी दोन लेकरं सासूच्या, पारुबाईच्या अंगावर. निताला कारकुनाची सरकारी परीक्षा द्यायची होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची वेळ. नोकरी लागली तर प्रेमदासला पुढच्या वर्षी फडावर जावं लागणार नव्हतं, आणि लेकरांना बाप दिवाळीनंतरही घरात दिसणार होता.

अभ्यासाला वेळ कुठला? घरी चूल, दुकानात गिऱ्हाईक. उरला तो मी भरेपर्यंतचा वेळ. खिडकीशी बसून ती व्याकरणाचा जाडजूड प्रश्नसंच उघडायची. एकदा तिनं माझ्या बाकावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “आज लवकर भरू नको गं.”

मित्रांनो, ज्या उशिरापायी जन्मभर शिव्या खाल्ल्या, तोच उशीर कुणीतरी मागून घेत होतं. माझ्या रेडिएटरला गळती आहे, त्यामुळे तेव्हा नक्की काय गळलं ते सांगता येणार नाही.

समोरच्या बाकावर रोज रतनसिंगकाका असायचे, मांडीशी दुधाचा कॅन. शेजारी बांगड्यांची पेटी घेऊन गौसियाआपा.

“काय वाचून राहिली गं पोरी?” काकांनी एक दिवस विचारलं.

“व्याकरण, काका.”

“मग मोठ्यानं वाच ना. आमी तरी नुसतं बसून काय करून राहिलो?”

निता वाचू लागली. “‘शेतकऱ्याने बैलाला बांधले.’ प्रयोग ओळखा. कर्तरी, कर्मणी, भावे, का यांपैकी एकही नाही?”

“बैल कोणाचा?”

“ते दिलं न्हाई, काका.”

“बैलाचा मालक माहीत न्हाई आन् पेपर काढून राहिले! लिही, यातलं एकबी न्हाई.”

“थांबा हो भाऊ,” आपा म्हणाल्या. “निता, तू समजून सांग. हे प्रयोग म्हणजे काय असतं?”

निताची नजर पुढे चाचांवर गेली. “आसं बघा आपा. चाचा जीप चालवतो, चाची जीप चालवते. करणारा बदलला की क्रियापद बदललं. हा कर्तरी.”

पुढून चाचांची मान गर्रकन फिरली. “चाची जीप चालवते? कधीपासून?”

“उदाहरण हाय, चाचा.”

“उदाहरणात बी तिला चावी द्यायची न्हाई.”

“काहून?” आपा म्हणाल्या. “ती भरायच्या आधी निघंल तरी!”

अख्खी जीप हसली. हसू ओसरल्यावर निता म्हणाली, “आता बैल घ्या. बांधणारी बाई आसली तरी ‘बांधले’. बैलाच्या जागी गाय आली तरी ‘गायीला बांधले’. क्रियापद कोणाचंच ऐकत न्हाई. हा भावे.”

“म्हणजे आपल्या चाचावानी,” आपा म्हणाल्या.

त्या दिवसापासून निता भावे प्रयोगाला कधी चुकली नाही. इतरांना समजावता समजावता तिला स्वतःला उमगत गेलं. समास, संधी, विरामचिन्हं, सगळं माझ्या पत्र्याखाली झालं. रतनसिंगकाकांचं उत्तर मात्र ठरलेलं. प्रश्न कोणताही असो, “यातलं एकबी न्हाई.” एकदा ते चक्क बरोबर निघालं. तेव्हा काका उतरताना सगळ्यांना हात जोडून गेले, निवडून आल्यासारखे.

परीक्षा रविवारी होती, सकाळी, हिंगोलीला. आमच्या फाट्यावर एसटी येईपर्यंत केंद्राचं दार बंद झालं असतं. तांड्यातल्या मोटारसायकली मालकांबरोबर उसाच्या फडावर. शनिवारी संध्याकाळी उतरताना निता चाचांना म्हणाली, “उद्या सकाळी सवारी नसती. गाडी भरली न्हाई तर?”

चाचांनी आरशाचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. “भरल्याबिगर...” वाक्य अर्धंच राहिलं. मागे काकांनी आपांकडे बघितलं, आपांनी बाकीच्यांकडे.

सकाळी धुकं होतं. निता पारुबाईला घेऊन फाट्यावर आली, माझ्याजवळ आली आणि जागीच उभी राहिली. मी भरले होते. दोन्ही बाकांवर दाटीवाटीनं माणसं. रतनसिंगकाकांजवळ कॅन नव्हता, गौसियाआपांजवळ पेटी नव्हती. फक्त खिडकीशी एक जागा मोकळी.

“काका, तुमी आज काहून?” निता एकेकाकडे बघत विचारू लागली. “बाजार हाय का? दवाखाना? कोणाचं लगीन?”

“यातलं एकबी न्हाई,” रतनसिंगकाका म्हणाले.

पोचवायला आलेली पारुबाई लेकरांकडे परतली आणि निता पदर डोळ्यांना लावून आत चढली. चाचा पुढून ओरडले, “भरली! कायदा म्हंजे कायदा.” थंडीत मला धक्का लागतो. त्याचीही अडचण नव्हती. सगळे उतरले, ढकललं, पळत येऊन पुन्हा बसले. दाराला कुलूप लागायच्या आत निता केंद्रात पोचली. बाकीच्यांना हिंगोलीत काहीच काम नव्हतं, म्हणून ते रस्त्यापलीकडे माझ्यातच बसून राहिले.

दुपारी ती बाहेर आली तशी काकांनी विचारलं, “बैल आला व्हता का?”

“बैल न्हाई, काका. पण भावे प्रयोग आला. चाचाची लई आठवण झाली.”

निता पास झाली. आता ती सेनगावच्या एका कचेरीत बसते. प्रेमदास यंदा फडावर गेला नाही. मी फारशी धावत नाही. रिक्षा आल्या, चाचांचे गुडघे गेले, माझ्या बाकावर दुपारी कोंबड्या बसतात. पण दसऱ्याला झेंडूची पहिली माळ निता माझ्या बॉनेटला घालते, आणि कोंबड्यांना हाकलून घटकाभर खिडकीशी बसते.

मित्रांनो, तुमच्याही फाट्यावर एखादी म्हातारी जीप उभी असेल. तिच्या बाकाचं रेक्झिन कोरू नका. कधीमधी पाणी पाजा. आणि तुमच्या शेजारी कुणी पुस्तक उघडलं, तर माझ्यासाठी एवढं करा: जरा सरकून बसा.