बोर्डाच्या पोटातला डिस्प्ले

मंजुळामावशींनी नारळ उंबऱ्यावर फोडला, तिथवर सगळं ठीक होतं. पण पाणी वाटीत धरून त्या आत आल्या आणि आंब्याच्या पानाने त्यांनी ते माझ्या कॉम्प्युटरवर शिंपडलं. दसऱ्याला पोट भरणाऱ्या यंत्राची पूजा करायची, हे आमच्या डोंबिवलीत कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या यंत्राचा एका बाजूचा पत्रा मात्र कायम काढलेला असे. आत फार तापतं म्हणून तेव्हा बरेच जण असंच करत. मी ओरडेपर्यंत पाणी आत गेलं होतं.

"मशिन बंद हाय ना? मंग काय झायलं?" मावशी म्हणाल्या.

बंद होतं, हे खरं. पण मी रागाच्या भरात थांबले नाही. वरवर पुसलं आणि बटण दाबलं. एक लांब शिटी, तिच्यामागे छोट्या शिट्या, आणि जळका वास. पडदा काळाच.

ही १९९९ सालची गोष्ट. मी आमच्या बाहेरच्या खोलीत लग्नपत्रिका जुळवून द्यायचं काम करत होते. मंजुळामावशी भोपरच्या, आगरी घरातल्या. नवरा गेलेला, आणि तुळशीचं लग्न झालं की मुलाचं, गणूचं, लग्न. अडचण एकच होती, पण डोंगराएवढी. नवऱ्याचे दोन चुलतभाऊ, दामाजी आणि गोमाजी, खाडीकाठच्या एका बांधावरून गणू रांगत होता तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते. पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव ज्याचं नाही, तो लग्नाला येणार नव्हता. तो नाही म्हणजे त्याची अर्धी आळी नाही. बाप नसलेल्या पोराच्या हळदीला अर्धा गाव घरात बसून राहणार, या विचाराने मावशींची झोप उडाली होती.

मी त्यावर एक तोड काढली होती. ती दोघांनी आधी पडद्यावर बघावी, असा मावशींचा हट्ट. "कागदावर आयलं का भांडान पक्कं," त्या म्हणत. दसरा म्हणून दोघेही यायला कबूल झाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली पत्रिका घेऊन सगळे कार्ल्याला एकवीरेच्या पायाशी जाणार होते. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. दोघे एका छपराखाली पुन्हा कधी येतील, याची खात्री देवीलाही नसावी.

आणि ते दोघे आलेच. दामाजीकाका दाराशी बसले, गोमाजीकाका खिडकीशी. मध्ये माझा काळा पडदा.

"कं, दाखव ना," दामाजीकाका म्हणाले.

"दाखवते. चहा घ्या आधी," मी म्हटलं. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात रिकामी वाटी. त्यांना झापायला माझी जीभ वळवळत होती, पण त्यांचा चेहरा पाहून ती आवरली.

शिट्यांचा अर्थ मला कळत होता. डिस्प्ले कार्ड गेलं होतं. कॉम्प्युटरला आतून सगळं आठवत असतं, पण ते आपल्याला दाखवायचं काम या कार्डाचं. पेटीत ते फळीसारखं आडवं बसतं, त्यामुळे नारळाचं पाणी बिचाऱ्याने एकट्याने झेललं होतं. प्रिंट काढायची म्हटली तरी पडद्यावर दिसायला हवं. दुकानं बंद, आणि यंत्र जोडून देणारा गुरुदत्त गावी गेलेला.

या कार्डांचा आणि माझा सहवास जुना. ८८ साली ठाण्याच्या छापखान्यात मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते चांगलं लांबलचक होतं आणि दाखवायचं काय, तर हिरवी अक्षरं. मग रंग आले आणि कार्ड आखूड होत गेलं. शेवटी तळहाताएवढं झालं. गणपतीच्या सुमारास गुरुदत्तने नवा मदरबोर्ड बसवला तेव्हा म्हणाला, "वहिनी, आता कार्ड नकोच. डिस्प्ले बोर्डातच आहे. थोड्या वर्षांनी बघा, प्रोसेसरच्या आत जाईल."

पण आमचे हे, हरिहरराव, बँकेतले. जी वस्तू हातात धरता येत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी जुनं कार्ड त्याच्याकडून पुन्हा बसवून घेतलं. वर बोर्डाच्या मागच्या सॉकेटवर चिकटपट्टी लावली, घरातल्या जखमेला लावतात ती, कुणी चुकून तिथे केबल लावू नये म्हणून.

मागून पुसताना माझ्या बोटांना तीच पट्टी लागली.

"अहो, ही पट्टी काढते हं," मी म्हटलं.

"त्यात काही नसतं गं, उत्तरा," हे आतून म्हणाले.

मी वायर उपटली, कार्डाचा स्क्रू काढला, कार्ड ओढून बाहेर घेतलं. चिकट झालं होतं. आतलं बाकी कोरडं आहे ना, ते दोनदा बघितलं. पट्टी सोलली आणि केबल बोर्डाच्या सॉकेटात लावली. एवढ्यात दामाजीकाका उठले.

"मंजुला, आमी जातू. हितं काय दिसत नाय."

"बसा वो दादा! पाया परते तुमच्या," मावशींचा आवाज फुटला.

मी बटण दाबलं. शिटी वाजली, एकच, आखूड. मग पडदा उजळला. मला रडूच आलं. खरंच सांगते, देवळात कधी जोडले नाहीत असे हात मी त्या बोर्डाला जोडले.

चित्र धड नव्हतं. अक्षरं खरबरीत आणि मधला गणपती जांभळा. पण त्याच्याभोवती घराण्यातल्या कर्त्या पुरुषांची नावं गोल मांडलेली होती, एकाच मापाची. उजवीकडे दामाजी, डावीकडे गोमाजी, अगदी समोरासमोर.

दोघे जवळ आले. दामाजीकाकांनी आपल्या नावावर बोट ठेवलं आणि वाचत वाचत ते गोल खाली नेलं. गोमाजीकाकांनी आपल्या नावापासून उलट्या बाजूने सुरुवात केली. दोघांची बोटं गणपतीच्या पायाशी एकमेकांना भिडली, आणि दोघेही थांबले.

"यात पयला कोन?" गोमाजीकाकांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण मावशी आधी बोलल्या.

"गौरीच्या फेरान पयली कोन असतं का, दादा? सगल्यांनी हात धरला तर फेर व्हतं."

दामाजीकाकांनी पडद्यावरून बोट काढलं. मग त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढलं, चुरगळलेलं, आणि गोमाजीकाकांच्या हातात ठेवलं.

"घे. सोना घे."

गोमाजीकाकांनी पान घेतलं आणि पायांना हात लावायला वाकले. दामाजीकाकांनी मध्येच धरलं. दोघे तसेच एकमेकांना धरून उभे राहिले.

मंजुळामावशींनी पदराने डोळे पुसले. मग त्यांना काहीतरी आठवलं. त्या उंबऱ्याकडे गेल्या आणि दुसरा नारळ घेऊन आल्या.

"मावशी!" मी पत्रा उचलून पेटीवर घट्ट दाबून धरला.

"आगो, फोडत नाय," त्या हसत रडत म्हणाल्या. "तुझ्या ओटीन घालते."