विसणाचं पाणी

“वैनी, पोरगी कडंवर घिऊन घाटाखालच्या वस्तीत जाऊ नगा. दुखणं घरी याचं,” दूध घालायला येणाऱ्या केरबांनी मला बजावलं होतं. मी हसून सोडून दिलं. लढाईचे, रेशनच्या ज्वारीचे दिवस. सांगलीत आम्ही नवे, मी कॉलेजात शिकलेली, घरात बोलायला कुणी नाही. आणि वस्तीतली बनाबाई मला पाहिलं की लांबूनच ओरडायची, “आल्या गं कालीजवाल्या बाई! पोतं झटका, बसायला टाका!”

तिचा नवरा पलटणीत, पार ब्रह्मदेशाकडं. ती पेठेत शेंगा फोडायला जायची. पदरात अर्जुना, माझ्या कुमीच्याच वयाचा, पण पायांच्या नुसत्या काड्या. हगवण थांबली म्हणावं तर पुन्हा सुरू. थोरला असाच गेलेला.

मी सांगितलं होतं, नदीच्या वाळूतल्या झऱ्याचं पाणी उकळून पाज, नाचणीची पेज दे. दोन्ही ती करत होती, तरी पोर सुकतच चाललं. कुमीला भरवताना मला घास जड व्हायचा.

एकदा तिच्या चुलीपाशीच बसून राहिले. पाण्याला चांगली खळखळून उकळी आली. बनाबाईनं पातेलं उतरवलं आणि घागरीतलं गार पाणी तांब्याभर त्यात ओतलं.

“अगं, हे काय?”

“विसण नगं व्हय? पोराचं त्वांड पोळंल की!”

“विसण आंघोळीला गं! झऱ्याचंच पाणी परत घातलंस. हे झाकून आपोआप निवू दे.”

“आन् तवर त्यानं काय प्याचं? तुमची बुकं?”

शेजारणी खदखदल्या. मलाही हसू आवरेना. “सांजचं उकळून ठेव, सकाळी पाज.”

तिनं पातेलं मोरीत उपडं केलं आणि पुन्हा चूल फुंकली.

दिवाळीपर्यंत अर्जुना पावलं टाकू लागला. कुमीच्या मुठीतलं कूट-गूळ ओढून घ्यायचा. “लाज हाय का रं, सरदारा?” बनाबाई म्हणायची आणि पदरानं डोळे पुसायची.

मग आमची साताऱ्याला बदली झाली. अजून इथं संध्याकाळी चुलींचा धूर पसरला की मी मनानं घाटाच्या पायऱ्या उतरत असते.

परवा कळलं, वस्ती गावाबाहेर हलवली. सगळ्यांना मिळून एक आड, आणि पोरं परसाकडला बसतात ती त्याच्याच कडेला. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणी सांगलीत असाल, तर एवढं बघून या. अर्जुना आता सहा-सात वर्षांचा असेल. पोटभर जेवतो का, विचारा.